क्रेनवाल्याचा अभिप्राय

लहानूजी रामटेके रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले आणि दीड महिन्यात त्यांनी घरातलं छापलेलं सगळं वाचून संपवलं. कपाटातली धम्माची पुस्तकं आधीच दोनदोनदा वाचून झाली होती. मग मुलाची कॉलेजची जुनी पुस्तकं झाली, मग गॅस एजन्सीच्या दिनदर्शिकेची मागची बाजू. शेवटी त्यांच्या बायकोने, सरलाबाईंनी, पुण्याला मुलाला फोन लावला.

"संघर्ष, तुह्या बाबाले काही तरी पाठव बापा. काल कुकरसंग आलेला कागद वाचून राहिले होते. आता मले सांगतात शिट्टी कशी धुवाची ते."

संघर्ष स्वतः काही वाचणारा नव्हता. पण ऑफिसजवळ एक पुस्तकांचं दुकान होतं. तिथे जाऊन तो म्हणाला, "सध्या लोक जे वाचतात ते द्या." दुकानदाराने काढून दिलेली चार पुस्तकं त्याने न पाहता पार्सल केली. तेव्हापासून दर महिन्याला तसंच चाललं. बिरगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कधी गुप्तहेर यायचा, कधी कोकणातलं भूत, कधी आयटी कंपनीतलं प्रेम, कधी दोनशे वर्षांनंतरची दुनिया. लहानूजी निवडत नसत. आलेलं पुस्तक ते मुखपृष्ठापासून मागच्या किमतीपर्यंत वाचत, आणि वाचून झालं की मुलाला अभिप्राय कळवत.

तो अभिप्राय ते फोनवर बोलून पाठवत. लिहिणं जमत नसे. सव्वीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये दांडे धरून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते फोन तोंडासमोर धरायचे आणि खालच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात बोलायचे.

"संघर्ष, ते गुप्तहेराचं वाचलं. पोट्टा सतरा देशांत फिरते, पण जेवते कुठं, झोपते कुठं, पत्ता नाही. तीन दिवस झोपला नाही अन् चालत्या गाडीवरून उडी मारते. नाइटच्या दुसऱ्या शिफ्टले आमचा माणूस उभ्या उभ्या झोपे. पण खरं सांगतो, शेवटचे ऐंशी पानं मी ताट बाजूले ठेवून वाचले. तुही माय बोंबलत होती. दहापैकी सात."

भुताच्या पुस्तकाला त्यांनी पाच दिले होते. "भूत चांगलं आहे, माणसं कच्ची आहेत. घरात रोज कोणी तरी चालते, भांडे पडतात, अन् हे लोक घर सोडून जात काहून नाहीत? भाड्याचं घर आहे, घरमालकाले चावी द्या अन् निघा. पण त्या बाईले विहिरीतून आपल्याच आवाजात हाक येते, ते वाचलं अन् मी उठून नळ बंद केला. कारण काही नव्हतं. बंद केला."

प्रेमाच्या कादंबरीवर ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले होते. "एक फोन उचलला नाही म्हणून दोनशे पानं भांडण! पण तो पोट्टा तिच्या बापाले दवाखान्यात नेते, ऑटोत मधात बसवते अन् खड्डा आला की त्याच्या पाठीमागं हात धरते. ते मले पटलं. लिहिणाऱ्या बाईनं कोणाले तरी तसं नेलं असंन. आठ."

दोनशे वर्षांनंतरच्या दुनियेत सगळी कामं यंत्रं करतात, तेव्हा त्या यंत्रांना तेल कोण घालतं हे त्यांना हवं होतं. ते कुठेच नव्हतं, म्हणून चार. ऐतिहासिक कादंबरीतली लढाई त्यांना आवडली होती. "पण इथं प्रत्येक जण भाषण देऊन मरते. मरणाऱ्याले बोलाले टाइम नसते, संघर्ष." त्या वेळी संघर्षला या वाक्यात काही वेगळं जाणवलं नाही.

पुस्तक बरं की वाईट हे ठरवायची लहानूजींची एक पद्धत होती. ती त्यांनी एकदा अभिप्रायातच संघर्षला समजावून सांगितली. गोष्ट खोटी असली तरी चालते, ते म्हणाले, गोष्ट खोटीच असते. पण काम खोटं नसावं. न्हाव्याने दाढी केली असं लिहायचं तर साबण आधी लावला पाहिजे.

संघर्ष हे सगळं ऑफिसच्या बसमध्ये वेग वाढवून ऐकायचा आणि हिंदीत दोन शब्द लिहून पाठवायचा. 'ठीक है बाबा, अगला भेजता हूँ.' तरी दोघांचं एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं. तो लहान होता तेव्हा बाप एक तर शिफ्टला असायचा किंवा शिफ्टहून येऊन झोपलेला.

ऑगस्टच्या पार्सलमध्ये पोलादाच्या कारखान्यातल्या खुनाची रहस्यकथा आली. मुखपृष्ठावर लालभडक भट्टी होती. लहानूजींनी ती सरलाबाईंना दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. त्यांचं काम पुस्तकात यायची ही पहिलीच वेळ. लेखिकेचं नाव गंधाली. फोटोवरून पस्तिशीची वाटत होती. पहिली शंभर पानं त्यांनी एका दुपारी वाचली. मग एकशे बारावं पान आलं.

त्या पानावर खुनी माणूस भर शिफ्टमध्ये एका कामगाराला भट्टीत ढकलतो. मेलेल्याला पुस्तकात नाव नव्हतं. 'एक कामगार' एवढंच होतं. तो खुन्याच्या वाटेत आला होता आणि गोष्टीच्या दृष्टीने त्याचं काम तेवढंच होतं. कुणाच्या काही लक्षात येत नाही. पुढचं वाक्य होतं, 'काही क्षणांत सारं पूर्ववत झालं.'

लहानूजींनी पुस्तक मिटलं. तीन दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही, दुसरंही काही वाचलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते अंगणात खुर्चीवर बसले आणि फोन तोंडासमोर धरला. सरलाबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या.

"संघर्ष, हे जे आहे कारखान्याचं," ते म्हणाले. "या बाईले कोणी सांगतलं का माणूस गेला तर कोणाच्या ध्यानात येत नाही? मी सांगतो तुले काय होते ते. आमच्या इथं दयाराम होता. दयाराम साहू. भट्टीच्या माचीवर उभा राहून माल टाकाचं काम त्याचं. मी वर क्रेनमध्ये. दिवसभर तो मले वरून दिसे, त्याच्या डोक्याचा पिवळा गमछा दिसे. बारा वर्ष मी त्या माणसाले डोक्याच्या बाजूनं पाहिलं. दुपारी भेटला की गंमत वाटे, याले तोंडही आहे म्हणून.

"पावसाचे दिवस होते. भंगार बाहेर उघड्यावर पडलेलं. ओला माल भट्टीत गेला का आतलं पाणी एकदम फुटते, अन् वितळलेलं लोखंड वर उडते. हे पोरासोरालेही माहीत असते तिथं. त्या दिवशी क्रेनच्या चुंबकाले जो माल चिकटला त्याच्यातून पाणी गळत होतं. मले दिसलं. मी क्रेन थांबवली, खाली सुपरवायझरले हातानं विचारलं. त्यानं हात हलवला, चल म्हणे, आण. मी आणला."

सरलाबाईंचा हात सुपात थांबला होता.

"माल मी उचलला, संघर्ष. तो खाली ठेवता आला असता मले. नाही ठेवला. सुपरवायझरनं हात हलवला अन् मी दांडा ओढला. मंग जे झालं ते मी वरून पाहिलं. ते नाही सांगत तुले. पण पूर्ववत म्हणते ना ही बाई? त्या शेडमधले चाळीस माणसं तीन दिवस एकमेकाशी बोलले नाहीत. दयारामचा डबा खिडकीत होता, त्याले कोणी हात लावे ना. नवा माणूस माचीवर चढाले तयार नव्हता, त्याले दुसऱ्या कारखान्यातून आणला. मी अजून पिवळा गमछा पाहिला का मान वर करतो. त्याच्याकडे नाही, वर. क्रेनकडे. हे तिले सांगाले पाहिजे कोणी तरी."

त्यांनी बोट उचललं. संदेश गेला. मग सरलाबाई म्हणाल्या, "अपघात झाला एवढं मले माहीत होतं. माल तुमी उचलला होता हे नाही सांगतलं कधी."

"काय सांगाचं होतं."

"अकरा वर्ष झाले. पाऊस जोरात आला का तुमी ताटावरून उठता. मले वाटे पोट बिघडते." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून नवऱ्यासमोर ठेवला.

संघर्षने तो संदेश संध्याकाळी बसमध्ये ऐकला. वेग वाढवून ऐकायला लागला होता, मग त्याने तो साध्या वेगावर आणला. दोन थांबे आधीच तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याने फोन लावला. "बाबा," तो म्हणाला, आणि मग नेहमीसारखं हिंदी न बोलता अडखळत म्हणाला, "मले मालूम नव्हतं."

"तू शाळेत होता."

"पुस्तकाच्या मागं त्या मॅडमचा ईमेल असंन. हे त्यायले पाठवू का?"

लहानूजींनी विचार केला. "पाठव. पण त्यायले सांगजो, रागानं बोलले म्हणून मनावर घेऊ नका. बाकी पुस्तक पुढं वाचलं नाही म्हणजो."

आठ दिवसांनी गंधालीचा फोन आला. ती फार हळू बोलत होती, त्यामुळे लहानूजींना फोन कानाला दाबून धरावा लागला.

"काका, मी तुमचं बोलणं तीनदा ऐकलं. मी भट्टी कधी पाहिलेली नाही. व्हिडिओ पाहिले, आणि एका इंजिनीअरशी बोलले."

"त्या इंजिनीअरनं माचीवर उभं राहून माल टाकला नसंन."

"नसेल," ती म्हणाली. "त्या माणसाला मी नावसुद्धा दिलं नाही. माझ्या कधी डोक्यातच आलं नाही ते." मग तिने विचारलं, "तुम्ही चिडला आहात?"

"चिडलो होतो. आता फोन केला तुमी, तर चिडून काय करू. पुस्तक वाईट नाही तुमचं. खुनी कोण ते मले अजून कळलं नाही, तेवढं तरी चांगलं आहे."

ती हसली. मग तिने खरं काम सांगितलं. त्या रहस्यकथेतल्याच पोलीस अधिकाऱ्याची दुसरी कादंबरी ती लिहीत होती. त्यात दयारामची गोष्ट, घडली तशी, त्याच्या नावासकट घालावी असं तिच्या मनात होतं. त्यासाठी रायपूरला यायची तिची तयारी होती.

"नाव टाकान?" लहानूजींनी विचारलं.

"टाकेन."

"मंग त्याच्या बायकोले विचारा लागंन," ते म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत आपण त्या घरी एकदाही गेलो नाही.

गंधाली डिसेंबरात पुण्याहून आली. सरलाबाईंनी तिला ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूजी आणि गंधाली ऑटोने निघाले. सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे ट्रक होते आणि झाडांच्या पानांवर नेहमीची काळी भुकटी. कारखान्याच्या फाटकापाशी लहानूजींनी ऑटो थांबवायला लावला. बाहेरूनच त्यांनी तिला शेड दाखवली, भट्टी कुठे, माची किती उंच, क्रेन कुठून कुठे जाते. ती वहीत लिहून घेत होती. "एवढं उंच?" तिने विचारलं. "तिथून माणूस केवढा दिसे?" लहानूजींनी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून दाखवलं. मग ते ऑटोत जाऊन बसले.

दयारामचं गाव तिथून चार किलोमीटर आत होतं. त्याची बायको सुकवारो शाळेत पोरांचं जेवण रांधायची. त्या दिवशी रविवार होता. अंगणात खाटेवर जुनं लुगडं पसरून ती रखियाच्या बऱ्या घालत होती, म्हणजे कोहळा आणि उडदाच्या वाटलेल्या डाळीचे छोटे छोटे गोळे उन्हात वाळायला ठेवत होती. तिने लहानूजींना लगेच ओळखलं.

"क्रेन वाले भैया," ती म्हणाली. पण उठली नाही.

लहानूजी तिच्याशी छत्तीसगढीत बोलले. गंधालीला त्यातलं निम्मंअर्धं कळत होतं. कोण ही बाई, कशासाठी आली, हे त्यांनी सांगितलं. सुकवारो बऱ्या घालत ऐकत होती.

"ग्यारा बछर म आज आयेव?" ती शेवटी म्हणाली. "अउ वहू किताब बर?" अकरा वर्षांत आज आलात, आणि तेही पुस्तकासाठी?

"हव," लहानूजी म्हणाले.

मग सुकवारो जे बोलली ते त्यांना माहीत नव्हतं. दयाराम गेला तेव्हा कारखान्याचा माणूस घरी आला होता. त्याने सांगितलं की चूक दयारामचीच होती. त्याने तोंडावरचा बचावाचा पत्रा लावला नव्हता, नको तिथे उभा होता. तिने ते खरं धरलं. मुलगा निरंजन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याला तिने तेच सांगितलं, कामावर गेलास तर बापासारखा निष्काळजीपणा करू नकोस. अकरा वर्षं घरात दयारामचं नाव निघालं की शेवट त्या वाक्यावर व्हायचा.

लहानूजी खाटेच्या टोकाशी उभे होते. ते खाली बसले, मातीतच. "सुकवारो," ते म्हणाले, "पत्रा लावलेला होता त्यानं. उभा होता तिथंच, जिथं रोज उभा राहे. माल ओला होता." हे सगळं ते मराठीत बोलून गेले. मग भानावर येऊन त्यांनी पुन्हा तिच्या भाषेत सांगितलं. माल ओला होता, तो मी उचलला होता, सुपरवायझरने हात हलवला आणि मी तो आणला. दयारामची काही चूक नव्हती.

सुकवारोचे हात डाळीने माखलेले होते. ते तिने तसेच हवेत धरले. "ओकर गलती नइ रिहिस?"

"नइ रिहिस."

ती उठून घरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. गंधालीने लहानूजींकडे पाहिलं. निघायचं का असं तिला विचारायचं होतं, पण लहानूजी मातीत बसून राहिले. एक कोंबडी खाटेजवळ आली, तिला त्यांनी हाकललं. ती पुन्हा आली, त्यांनी पुन्हा हाकललं.

सुकवारो बाहेर आली तेव्हा तिचे हात धुतलेले होते आणि हातात फोन होता. किताबाचं नंतर पाहू, ती म्हणाली. आधी हे माझ्या मुलाला सांगा. निरंजन ट्रक चालवायचा आणि त्या दिवशी बिलासपूरच्या वाटेवर होता. त्याने गाडी बाजूला घेतली आहे याची तिने खात्री करून घेतली आणि मग फोन लहानूजींकडे दिला.

तिसऱ्यांदा तेच सांगणं सोपं नव्हतं. सांगून झाल्यावर निरंजनने एकच विचारलं. त्या वेळी तुम्ही कुणाला बोलला का नाहीत? लहानूजी म्हणाले, नोकरीची भीती होती, पोरगा शाळेत होता. "मैं भी स्कूल में था," निरंजन म्हणाला, आणि त्याने फोन बंद केला.

लहानूजींनी फोन सुकवारोला परत दिला. ती पुन्हा खाटेशी बसली आणि उरलेल्या डाळीच्या बऱ्या घालू लागली. थोड्या वेळाने तिने सरकून गंधालीला जागा करून दिली. गंधालीनेही दोनचार घातल्या, त्या वेड्यावाकड्या झाल्या. सुकवारोने त्या मोडून पुन्हा नीट केल्या आणि तेव्हा कुठे पुस्तकाचं विचारलं. त्यात काय लिहिणार?

गंधालीने सांगितलं, जे झालं ते. कसं झालं, कोणाची चूक होती.

"अउ ओहा मरही?" आणि तो मरणार?

गंधालीने हळूच मान डोलावली.

"किताब म ओला झन मारहू," सुकवारो म्हणाली. "एक घाँव तो मर गे हे." पुस्तकात त्याला मारू नका. एकदा मेलाच आहे.

लहानूजींना वाटलं तिला नीट समजलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली, की खरं लोकांपुढे यावं म्हणून. तिने त्यांना मध्येच तोडलं. खरं माझ्या मुलाला कळलं, ती म्हणाली, मला कळलं. पुण्याच्या लोकांनी त्याला कशाला मरताना बघायचं? मग ती गंधालीकडे वळली. तो मानस मंडळीत रामायण गायला जायचा, तिने सांगितलं. झांज वाजवायचा. "गाना बने गावय, अइसे लिखहू." गाणं चांगलं गायचा असं लिहा.

"गात होता तो," लहानूजी नकळत मराठीत म्हणाले, "पण चांगलं? पूर्ण शेडले माहीत होतं. तो गाऊ लागला का लोक उठून भट्टीजवळ जात."

सुकवारोला शब्द कळले नाहीत, पण अर्थ बरोबर कळला. ती पहिल्यांदा हसली. "त का होइस," ती म्हणाली. म्हणून काय झालं.

परत येताना ऑटोत गंधालीने वही उघडली नाही. "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, काम खोटं नसावं?"

"कुठं म्हटलं?"

"संघर्षने तुमचे बाकीचेही अभिप्राय पाठवलेत मला. सगळे."

लहानूजी थोडे लाजले. रस्त्यावर एक ट्रेलर आडवा उभा होता आणि ऑटो थांबला होता. "काम तर खोटं लिहू नका," ते म्हणाले. "माची किती उंच, माल कसा उचलते, ते मी सांगतो तुमाले. ओला माल दिसला का काय करा लागते तेही सांगतो. पण माणूस..." ते बराच वेळ ट्रेलरकडे पाहत राहिले. "मी आतापर्यंत पुस्तकात चूक शोधून राहिलो. हे चूक, ते चूक. सुकवारो म्हणते, चूक लिहा. तिचा नवरा आहे, ती म्हणू शकते. मले नाही कळत बाई. तुमी लिहा, मंग वाचून सांगतो."

गंधाली पुण्याला गेली. वर्षभर तिचे फोन येत राहिले. चुंबकाचा आवाज कसा असतो, केबिनमध्ये पाणी कुठे ठेवता, वरून खाली हाक मारायची तर काय करता. एकदा तिने संध्याकाळी सातला फोन करून विचारलं, की वरचा माणूस ओला माल तसाच परत नेऊन ठेवू शकतो का, सुपरवायझरने आण म्हटलं तरी?

"ठेवू शकते," लहानूजी म्हणाले. "दांडा त्याच्याच हातात असते."

पुढल्या नोव्हेंबरात पुस्तक आलं. ते त्यांनी दोन दिवसांत वाचलं. दयाराम साहू त्यात सतरा पानांवर होता. तो मरत नव्हता. एका पावसाळी दिवशी तो माचीवरून वर पाहतो, पाणी गळताना त्याला दिसतं, तो 'थांब' म्हणून दोन्ही हात डोक्यावर आडवे धरतो आणि वरचा क्रेनवाला माल परत नेऊन ठेवतो. सुपरवायझर आरडाओरडा करतो. पुढे त्याच भंगारात पोलिसांना खुनाचं हत्यार सापडतं. क्रेनवाल्याला नाव नव्हतं. ते लहानूजींनीच नको म्हटलं होतं. ते पान वाचून झाल्यावर ते अंगणात जाऊन उभे राहिले. सरलाबाईंनी विचारलं, काय झालं? लहानूजींनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि पानावर बोट ठेवलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"असं झालं असतं तर," त्या म्हणाल्या.

"हव."

रविवारी ते पुस्तक घेऊन गावात गेले. सुकवारोला मराठी येत नव्हती, म्हणून ते एकेक वाक्य वाचून छत्तीसगढीत सांगू लागले. दयारामची पानं तेवढी वाचायची असं त्यांनी ठरवलं होतं. माचीचा प्रसंग तिने पदर तोंडाशी धरून ऐकला. मंडळीतल्या गाण्याचं पान आलं, त्यात लिहिलं होतं की दयारामचा आवाज लागला की पारावरची माणसं बोलणं थांबवत. ते ऐकून ती म्हणाली, "अतका बने घलो नइ गावत रिहिस." एवढंही चांगलं नव्हता गात. आणि डोळे पुसत हसत राहिली.

लहानूजींनी पुस्तक मिटलं. "बस, त्याचं एवढंच आहे."

"अउ वो खून?" सुकवारोने विचारलं. "कोन मारिस?"

ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर मजा जाते, ते म्हणाले, ते सुरुवातीपासून ऐकावं लागतं. ती म्हणाली, मग सुरुवातीपासून वाचा, मी कुठे जाते. तेव्हा लहानूजींनी पहिलं पान काढलं. दर रविवारी ते जात आणि वीसेक पानं होत. तिला पहिल्याच दिवशी मुनीमावर संशय आला. दुसऱ्या रविवारी तिने तो मालकाच्या मेव्हण्यावर नेला. मालकाची भावजय एवढी गोड बोलते म्हणजे तिचंही काही तरी आहे, असं तिचं म्हणणं होतं. लहानूजी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न करत.

सातव्या रविवारी ते एकशे चाळिसाव्या पानावर असताना निरंजन ट्रक लावून घरी आला. लहानूजींना पाहून तो दारातच थांबला. फोननंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. लहानूजी पुस्तक हातात घेऊन उठायला लागले.

"बइठव," सुकवारो त्यांना म्हणाली, आणि मुलाला म्हणाली, "तहूँ बइठ. चुप बइठ, अभी पुलिस आय हे." गप्प बस, गोष्टीत आत्ता पोलीस आलेत.

निरंजन उभाच राहिला. मग त्याने भिंतीला टेकून ठेवलेला पाट ओढला, अंतर ठेवून बसला आणि थोड्या वेळाने, लहानूजींकडे न पाहता, पोलीस कशासाठी आलेत ते विचारलं. सुकवारो सांगायला लागली, पण ती मुनीम आणि मेव्हणा यांची सारखी गल्लत करत होती. म्हणून लहानूजींनी मागची पानं काढली आणि आधीच्या एकशे चाळीस पानांत काय काय झालं ते त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं.